जनावरासमोर सुरी पाजळत नाहीत

३ नोव्हेंबर २०२५

शंभूराज,

सलाम घेतलास तर घे, नाहीतर उंबऱ्यावर राहू दे, कोंबड्या टिपतील. मी रहिमतबी. अजमलची आई. सतरा वर्षं झाली, म्हणून नाव सांगावं लागलं.

अक्षर माझ्या नातीचं, अर्शियाचं. तुला पोलिसांनी नेलं तेव्हा ही चार वर्षांची होती, आता विट्याच्या कॉलेजात जाते. मी बोलते 'हाय', ही लिहिते 'आहे'. म्हणते, दादी, कागदावर तसं शोभत नाही. म्हणजे मी पंचाहत्तर वर्षं न शोभणारंच बोलत आले. माझा आवाज ऐकायचा असेल तर आहेचं हाय करून वाच. एरवी तांदूळ निवड म्हटलं की हिचे डोळे दुखतात, पण तुला पत्र लिहायचं म्हटल्याबरोबर पेन घेऊन बसली. तिला वाटतं मी तुला शिव्या घालणार. साहजिक आहे. तिच्या बापाचा खून तू केलास. कोर्टानं तसं लिहिलंय. मला कुठं वाचता येतं.

पत्ता तुमच्या नव्या अल्बमच्या खोक्यावर मिळाला. सातारा. म्हणजे फार लांब पळाला नाहीस.

परवा ही रागानं लाल होऊन घरी आली. "दादी, त्या माणसानं अब्बाच्या खुनावर गाणं काढलंय. लाखो लोक ऐकतायत." म्हटलं, लाव बघू. तिला वाटलं एक ओळ ऐकून मी छाती बडवीन. मी नऊच्या नऊ गाणी ऐकली. चौथं परत लाव म्हणाले तेव्हा ती उठून परड्यात गेली.

तिला माहीत नाही, तुला माहीत आहे. तुमचा 'गळा' बँड जन्मला तेव्हा सुईण मी होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भाकरी करपली म्हणून माझ्या नवऱ्यानं, बादशहानं, कानाखाली दिली, तेव्हापासून माझा डावा कान मेला. उजवा पुढं हळूहळू त्याच्या सोबतीला निघाला. लोकांच्या लग्नातली सनई मला पोचली नाही, पाळण्याची गाणी मी माझी मीच म्हटली आणि ऐकली नाहीत. मग सत्त्याण्णव साली तुम्ही चौघांनी आमच्या शेरडांच्या खोपीत ती यंत्रं लावून बोंब मारलीत. शेरडं दावी तोडून पळाली. बादशहा सुरी घेऊन धावला. आणि मी चुलीपुढं बसून पहिल्यांदा गाणं ऐकलं. कानानं नाही, पोटानं. आख्खं जग माझ्याशी कुजबुजत होतं, तुम्ही तेवढे नीट बोललात.

अजमल गेल्यावरही मी तुमच्या जुन्या कॅसेटी लावत आले. पोरं विचारायची, दादी, त्या हरामखोराचा आवाज कशाला ऐकतेस? मी म्हणायची, तुमच्या बापाचा ढोल ऐकते, आवाज मधे येतो त्याला मी काय करू.

तर आता नव्या अल्बमचं. खरं सांगते, तुझा आवाज सुधारलाय. जेलची भाकर घशाला मानवली. आधी कोवळ्या बोकडासारखा ओरडायचास, आता जून झालास. दुसरं गाणं, उसाच्या फडाला आग लागल्याचं, मला लय आवडलं. आत अडकलेली डुकरं शेवटी शेवटी माणसासारखी ओरडतात, ते तू बरोबर काढलंस. चौथ्यात बांधासाठी भाऊ भावाच्या अंगावर ट्रॅक्टर घालतो, तिथं मी ताट वाजवलं. पाचव्यात मात्र बासरी घातलीस. बासरी! कुणाची लग्नपत्रिका वाचत होतास रं?

ढोलावर नवं पोरगं दिसतं. त्याचा एक ठोका चुकत नाही, आणि तिथंच सगळं चुकलं. अजमल शेवटाला घाई करायचा. मान कापल्यावर जनावर पाय झाडतं ना, आधी जोरात, मग हळू, मग आपल्याला वाटतं झालं, आणि मग परत एकदा. तसं वाजवायचा. तुझं हे पोरगं पाय झाडत नाही, हजेरी देतं.

आणि नववं गाणं. 'कंदुरी'. पिराला बोललेलं बकरं कापून गाव जेवतं, त्याला आम्ही कंदुरी म्हणतो. बकरं मराठ्याचं, कापायचा हात मुलाण्याचा, रस्सा सगळ्यांचा. त्या जेवणाचं नाव तू खुनाला दिलंस. ते एक असो. पण अकरा मिनिटांच्या गाण्यात पहिली चार मिनिटं तू नुसती सुरी पाजळतोस. दगडावर सर्र, सर्र. आणि ज्याला मारायचं तो समोर बसून बघतोय. मग ओरडतोस, 'मीच पाजळली, मीच फिरवली'.

शंभू, तू दहा वर्षं मुलाण्याच्या ओसरीवर जेवलास. जनावरासमोर सुरी पाजळत नाहीत. बादशहानं माझे दोन दात पाडले, पण बकऱ्याला तो आधी पाणी पाजायचा, सुरी पाठीमागं धरायचा, एकासमोर दुसरं कापायचा नाही. जीव घ्यायचा तर भीती दाखवून घेऊ नये, एवढीच मुलाण्याची अक्कल. ती तू गाण्यात मोडलीस. कुठून शिकलास, हे मी विचारत नाही.

अर्शिया म्हणते, का विचारत नाहीस? म्हटलं, तू लिही.

३० तारखेला सांगलीत तुमचा कार्यक्रम आहे म्हणे. येऊ नकोस. थंडी पडलीय, घसा बसेल.

खालचा अंगठा माझा. शाई पोरीच्या कॉलेजची.


१२ नोव्हेंबर २०२५

शंभूराज,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाला दोष देते, तुला द्यायला जागा उरली नाही.

आज तारिकबद्दल लिहायचं आहे. अजमलचा थोरला. बाप मेला तेव्हा सात वर्षांचा होता. आता चोवीसचा, बाजारात मटणाचं दुकान आहे, आजाची मुलाणकीही त्यानंच धरलीय. गावात कुणाची जत्रा, कुणाचा नवस, याला बोलावणं येतं. हात हलका आहे. बकऱ्याला कळायच्या आत झालेलं असतं. मी पोरासारख्या वाढवलेल्या दोनच गोष्टी, हा आणि ही, आणि दोघंही माझ्यावर ओरडतात.

तुझं 'कंदुरी' गावात पोचलं. ज्या पोरांना कालपर्यंत लग्नातल्या बँजोपलीकडं काही कळत नव्हतं ती आता मोटरसायकलवर ते लावून दुकानासमोरून जातात. परवा एकानं मटण तोलताना विचारलं, "काय तारिकभाई, अब्बाचं गाणं लय गाजतंय, तुमाला वाटा मिळतो का न्हाई?" तारिकनं त्याचं तोंड तराजूवर आपटलं. दोन दात निघाले. मटणात एक सापडला.

काल मंगळवार होता. मंगळवारी आमच्या गावात कुणी मटण खात नाही, मुलाण्याच्या घरातली सुरी बाहेर निघत नाही. काल दुपारी मी परड्यात गेले तर तारिक दगडावर सुरी घासत बसलेला.

"कुणाचं बकरं रं?"

"सांगलीचं."

"सांगलीला कापायला मानसं न्हाईत व्हय?"

"ह्ये मलाच कापायचं हाय, दादी."

त्यानं कार्यक्रमाचं तिकीट काढलंय. अगदी पुढच्या रांगेचं. तू गाता गाता गर्दीत उतरतोस, लोकांच्या खांद्यावर हात टाकून ओरडतोस, हे त्याला कुणीतरी फोनवर दाखवलं. ही तुझी जुनीच खोड. नव्याण्णव साली साताऱ्यात असाच उतरलास, आणि खुर्च्या उडाल्या, अजमलचं कपाळ फुटलं आणि तुझं नाक. दोघं रक्तानं माखून पहाटेच्या एसटीनं आलात, हसत होतात. मी हळद भरताना म्हटलं, मारामारी करायला एवढ्या लांब कशाला जाता, घरी बादशहा आहे की.

अर्शियानं पेन खाली ठेवलंय. विचारते, हे त्याला का सांगायचं? सावध होईल.

मी म्हटलं, "त्यो भ्याला पायजे का नगं?"

"पाहिजे."

"मग लिही. न सांगता भ्यायला त्यो काय अंतर्ज्ञानी हाय?"

लिहिलं तिनं. पण पोरगी शिकलेली आहे. थोड्या वेळानं म्हणाली, "दादी, तू त्याला वाचवतेयस." मी म्हटलं, "तुज्या भावाला वाचवतीय. त्यो मेला तर मरंल, फाशी ह्येला हुईल." माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच आहे, बाकीचं कागदावर येत नाही.

तेव्हा सांगलीला येऊ नकोस. आलास तर ते गाणं म्हणू नकोस. म्हटलंस तर खाली उतरू नकोस. तीन पायऱ्या करून दिल्या, एकीवर तरी थांब.


२१ नोव्हेंबर २०२५

शंभूराज,

तुझं पत्र आलं. अर्शियानं माझ्या उजव्या कानात ओरडून वाचलं. शेजारच्या म्हशीलाही पाठ झालं असेल.

तू लिहितोस, 'चाची, तुम्ही नऊ गाणी ऐकलीत, मला पुष्कळ झालं. सांगलीला येणार. गाणं म्हणणार. तारिक आला तर येऊ दे, त्याचा हक्क आहे.'

हक्क! हा शब्द तुला जेलात शिकवला काय? चोवीस वर्षांच्या पोराला खुनाचा हक्क देतोस, आणि वर स्वतः मान पुढं करून पुण्यवान होतोस. बकऱ्याला कधी पुण्य लागलंय का रं, विचार कुणालाही. तुला मरायची हौस असेल तर कृष्णेचा पूल आहे. माझ्या नातवाचा हात कशाला पाहिजे?

आणि बासरीबद्दल लिहितोस की ती अजमलच्या आठवणीसाठी घातली. अजमलनं जन्मात बासरी ऐकली असती तर चुलीत घातली असती. मेलेल्या माणसाला मऊ करायची ही सवय वाईट. मऊ केला की तो खोटा होतो. तुझा आख्खा अल्बम मी तीन आठवडे ऐकतेय, आणि मला रोज एकच वाटतं. आवाज खरा आणि गोष्ट खोटी. आवाज खोटा असता तर मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकला असता. तू असा ओरडतोस की माझ्या बरगड्या थरथरतात, आणि ज्या ओळीवर थरथरतात ती ओळ घडलेलीच नाही. चाहत्या बाईनं करावं काय?

हे वाक्य लिहिताना अर्शियानं माझ्याकडं बघितलं. "घडलेलीच नाही म्हणजे?" मी म्हटलं, सुरी नव्हती, डोक्यात घाव होता, कोर्टातही तेच आलं होतं. ती म्हणाली, हां, ते खरं. आणि लिहू लागली. पण तिचं लिहिणं आता सावकाश झालंय.

कारण तुझ्या पत्राच्या शेवटी तू ते विचारलंस. 'चाची, मी जेलातून कार्डं पाठवत होतो, मिळाली का?'

तिनं ते दोनदा वाचलं. मग कानात नाही, समोर बसून विचारलं, "दादी, कुठली कार्डं?"

मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग व्हावा. पण तिनं बोटानं कागदावर दाखवलं, मला वाचता येत नाही तरी दाखवलं.

मिळाली, शंभू. सतरा मिळाली. दर दिवाळीला एक, ईदला कधीमधी एक. पोस्टमन हातात देऊन जायचा, आणि मी ते उलटंसुलटं करून बघायची. मुंग्यांची रांग. वाचायला कुणाला द्यायचं? पोरांना? तुमच्या शाळेचा पैसा वसूल करा, म्हणू? गावात दुसऱ्या कुणाला दिलं तर दुपारपर्यंत सगळ्यांना कळणार, की अजमलच्या आईला अजमलच्या खुन्याची पत्रं येतात. म्हणून चुलीत घातली. प्रत्येकावर एक भाकरी भाजली. तू काय लिहिलं होतंस ते मला माहीत नाही. आता लिहून कळवू नकोस, वाचणारीला मी आता फसवू शकणार नाही.

अर्शियानं विचारलं, "खुनी माणूस तुला ईदला कार्ड का पाठवेल?"

आज एवढंच. माझं डोकं दुखतंय. खरंच दुखतंय.


२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार

शंभू,

ह्ये पत्र पोस्टात घालायचं न्हाई. अर्शिया फोटू काढून तुमच्या बँडच्या नंबरावर आजच पाठवणार हाय. म्या तिला सांगितलंय, मी बोलतीय तसंच तू लिही. हात थांबवू नगंस. तू थांबलीस की मी बी थांबीन, आन् मग मरूस्तर बोलायची न्हाई.

उद्या तारिक सांगलीला निगालाय. म्हून आज.

मे म्हैना हुता. दोन दिस आधी तुमी सांगलीत अजमलला बँडातनं काढलं. त्येनं पिऊन ढोल फोडला, तू त्येला चारचौघांत मारलंस, त्येनं तुला. समद्यांनी बघितलं. मग त्यो घरी आला आन् दोन दिस नुसता पीत बसला. पोरं तवा गल्लीत माज्या भनीकडं हुती. बरं झालं.

तिसऱ्या दिशी दुपारी मी पाणी घेऊन आली. घरात अर्फा कोपऱ्यात बसलेली. अर्शियाची आई. त्वांड सुजलेलं, एक डोळा बंद, दोनी हात तिच्याच वढणीनं बांधलेले. आन् अजमल तिच्यापुढं मांडी घालून बसला हुता. मेलेल्या बापाची सुरी पाजळत.

तिच्यापुढं. तिच्याकडं बघत. सर्र, सर्र. मदी थांबून अंगठ्याच्या नखावर धार बघायचा आन् परत. हसत हुता. तिला म्हनला, "अजून न्हाई. अजून बोथट हाय." ती रडत बी न्हवती, शंभू. बकरं कसं गप हुतं शेवटाला, तशी झालती.

अर्शिया, लिही.

संशय हुता का दारू हुती का ढोल सुटल्याचा राग, मला इचारू नगंस. त्येच्या बापाचा हात त्येच्या अंगात हुता, म्या त्यो जलमभर खाल्लाय, वळखू येतो. बापानं पाजळून दाखवली न्हवती येवढाच फरक. मी म्हनली, "अजमल, ठेव ती." त्येनं बघितलं बी न्हाई. उठला, तिला आडवी पाडली, गुडघा छातीवर दिला आन् डाव्या हातानं तिची हनुवटी वर केली. जशी करत्यात तशी.

पाट्यावर वरवंटा हुता. चटणी वाटलेली हुती त्यावर. म्या दोनी हातांनी उचलला आन् त्येच्या डोक्यात घातला. यकदा. त्यो माज्याकडं वळला. वळख पटल्यागत त्वांड केलं. म्हून दुसऱ्यांदा घातला. मग त्येचे पाय झाडायला लागले. आदी जोरात. मग हळू. मग मला वाटलं झालं. आन् परत यकदा.

माजं प्वार. नऊ म्हैनं माज्या पोटात हुतं.

तवा तू दारात आलास, समझोता करायला. अर्फाचे हात तू सोडलेस, सुरीचं तिनं तुला तवाच सांगितलं. मी तितंच बसून हुती, हातात वरवंटा, चटणीचं आन् रक्ताचं यकच झालेलं. तू म्हनलास, "चाची, तुमी गेल्यावर ही दोन लेकरं कुनाची? ही बाई जगंल का न्हाई म्हाईत न्हाई." तू वरवंटा माज्या हातातनं घेतलास, तुज्या हातानं पुसलास आन् तुज्या बोटांचं ठसं त्येला लावलंस. सांगलीचं भांडण समद्यांनी बघितलेलंच हुतं. पोलिसांस्नी दुसरं काय लागतंय?

बारा वर्षं, शंभू. मी येकदा बी भेटाय आली न्हाई. अर्फा जतला माहेरी गेली, तिनं दुसरा संसार केला, तिनं त्वांड शिवलं, म्या बी शिवलं. आन् पोरांस्नी सांगितलं, तुमच्या बापाला शंभूनं मारला. पैल्यांदा सांगताना जीभ अडकली. मग सवय झाली. मग मलाच कवा कवा खरं वाटायचं.

आन् तू गाण्यात त्येचं पाजळणं बी सोताच्या अंगावर घेतलंस. त्ये माजं न्हवतं, तुजं बी न्हवतं. त्ये त्येचं हुतं. त्यो गेला तरी त्येचं त्येला ऱ्हाऊ दे. माजं मला दे.

उद्या हाच कागद ही तारिकला वाचून दावणार. न्हाई दावला तर मी सांगीन.

हिनं हात थांबवला न्हाई. डोळं मातूर वर केलं न्हाईत.


२ डिसेंबर २०२५, सांगली

शंभू,

दवाखान्यातनं सांगतीय. उजवा हात कोपरात मोडलाय, दोन बरगड्या बी. डाक्टर म्हनला, आजी, पडला कशा? म्हटलं, उंबऱ्यानं धक्का दिला. त्यो हसला. तारिक हसला न्हाई.

रविवारी सकाळी त्यो निगाला. सुरी फडक्यात गुंडाळून कमरंला. मी दारात आडवी बसली आन् अर्शियाला म्हटलं, वाच. तिनं समदं वाचलं. शाळेत धडा वाचत्यात तसं, आवाज न हलवता. त्यो ऐकत उबा ऱ्हायला. मग म्हनला, "खोटं हाय. त्येनं पैसं दिलं आसतील हिला."

मला वाटलं हुतं त्यो रडंल. त्येनं सुरी सोडली न्हाई. म्हनला, "सरक दादी, गाडी चुकंल."

आता रागात माणसाला शाणपणा सांगून काय हुतंय? मी डिवचला त्येला. लय डिवचला, शंभू, माजी जीभ तुला म्हाईत हाय. म्हटलं, जा वाघा, तिकीट काडलंय न्हवं, पैसं वाया नगं घालवूस. म्हटलं, बाप बांधलेल्या बाईवर चढला हुता, तू गाणाऱ्या म्हाताऱ्यावर चढ, घराण्याचं नाव निगंल. म्हटलं, खुनी सांगलीला न्हाई, हितं दारात बसलाय, फुकाट हाय, तिकीट बी लागत न्हाई. म्हटलं, तुज्या अम्मीची हनुवटी त्येनं कशी वर केलती दावू का? आन् म्या माज्याच हातानं माजी हनुवटी वर केली.

त्येनं मारलं.

उघड्या हातानं. लय जोरात. मी उंबऱ्यावरनं पायरीवर आन् पायरीवरनं खाली. हाड मोडल्यालं मला ऐकू आलं, आन् मला तर काय ऐकू येत न्हाई.

सुरी त्येच्या कमरंलाच हुती. त्येनं ती काडली न्हाई. उबा ऱ्हायला, सोताच्या हाताकडं बघत. मग मला पाठुंगळी घेतलं आन् गाडीकडं पळाला. सांगलीला आला त्यो, पर माज्यासंगं. तुजा कार्यक्रम चालू हुता तवा त्यो हितल्या फरशीवर बसला हुता.

अर्शियानं मला फोनवर दावलं. 'कंदुरी' लागलं, आन् ती वळ आली तवा तू त्वांड मिटून उबा ऱ्हायलास. लोकास्नी वाटलं घसा बसला. समद्यांनी मिळून तुज्या वतीनं वरडून घेतलं, 'मीच पाजळली, मीच फिरवली'. हज्जार मानसं. तू तेवढा गप. ती जागा तशीच रिकामी ठेव. भरू नगंस. माजं नाव बी घालू नगंस, त्ये चालीत बसत न्हाई.

बासरी मातूर काड.

अर्शिया माज्याशी बोलत न्हाई. लिहिती. काल तिनं जतला फोन लावला, अर्फाला. तासभर कानाला धरून बसली हुती. दोगी बोलल्या का नुसत्याच बसल्या, कळलं न्हाई. म्या भितीकडं त्वांड केलं हुतं.

तू ये म्हनत न्हाई मी. तारिक म्हनंल तवा ये. त्यो कवा म्हनंल, म्हनंल का न्हाई, म्हाईत न्हाई. काल त्येनं येकच इचारलं, "दादी, अब्बा बी आसंच मारायचा?" मी म्हनली, आसंच. तवापासनं उजवा हात मांडीखाली घालून त्येच्यावर बसून ऱ्हातो. काडत न्हाई. नर्स म्हनती, मुंग्या येतील रं. त्यो मान हलवतो.

आज सकाळी पेज आली. माजा हात पलस्तरात. अर्शिया भाईर गेलती. त्येनं डाव्या हातात चमचा घेतला आन् माज्या तोंडाम्होरं आणला. आमच्यात डाव्या हातानं कुत्र्याला बी घालत न्हाईत. म्हटलं, "वाघा, डाव्यानं व्हय?"

"उजवा नगं, दादी."

डाव्याला सवय न्हवती, निम्मी पेज माज्या गळ्यावर सांडली. म्या बिस्मिल्ला म्हटलं आन् त्वांड उघाडलं.